फॉकलंड इंजिन ते जेसीबी: ठाणे-कल्याणच्या ठेकेदाराचं जुनं कोडं

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे. बाकी बोलले तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग माझ्या मावसभावामुळे झाला, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करते.

हा डोंबिवली पूर्वेला राहतो. छोटी सिव्हिलची कामं घेतो. कंपाउंड वॉल, गटार, ड्रेनेज लाइन, एखाद्या बंगल्याचा पाया, सोसायटीचे पेव्हर ब्लॉक. मे महिन्यात त्याच्याकडे जेवायला गेले होते, तर टेबलावर ताटांच्या आधी कोटेशन पडलेलं. नवीन जेसीबी. फायनान्सवाल्याचा माणूस दोनदा येऊन गेलेला. मावशी गप्प होती, कारण मार्जिन मनीसाठी तिच्या बांगड्यांचा विषय निघाला होता. मला म्हणाला, "ताई, तू एवढा इतिहास सांगतेस लोकांना. सांग ना, मशीन घेऊ की भाड्यानेच चालू ठेवू?"

मी हसले. म्हटलं, अरे, मी काय सांगणार! पण परत ठाण्याला येताना लोकल मुंब्र्यापाशी रखडली, बाजूला पारसिकचा डोंगर, आणि लक्षात आलं की हा प्रश्न याच पट्ट्यात, याच रुळांवर, पावणेदोनशे वर्षांपूर्वी पडलेला आहे.

तर चला १८५० मध्ये.

३१ ऑक्टोबर १८५० ला शीवजवळ जीआयपी रेल्वेच्या कामाची पहिली कुदळ पडली. मुंबई ते ठाणे, साधारण ३४ किलोमीटर. ठेका मिळाला फॅविएल आणि फाउलर या इंग्रज जोडीला. फाउलरची तब्येत बिघडली, तो मायदेशी गेला आणि काम विल्यम फ्रेडरिक फॅविएलच्या अंगावर पडलं. आपल्याला शाळेपासून पाठ आहे ती १६ एप्रिल १८५३ ची गाडी. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफा. पण मुंबईकरांनी पाहिलेलं पहिलं इंजिन ते नव्हे. ते त्याच्या वर्षभर आधीच, १८५२ च्या फेब्रुवारीत, भायखळ्याला धावलं होतं. नाव लॉर्ड फॉकलंड, तेव्हाच्या गव्हर्नरांच्या नावावरून. आणि ते होतं ठेकेदाराचं इंजिन. प्रवाशांसाठी नव्हे, कामासाठी. बंदरातून भायखळ्यापर्यंत ते माणसं लावून रस्त्याने ओढत आणलं. म्हणजे या शहरातलं पहिलं रेल्वे इंजिन साइटवर पोचलं ते हमालांच्या जोरावर. लो-बेड ट्रेलरचं भाडं ऐकून भाऊ वैतागतो, तेव्हा मला हे आठवतं.

आता ठेकेदाराला इंजिन कशाला हवं होतं? माती, खडी, रूळ, स्लीपर वाहायला आणि डबे इकडून तिकडे करायला. इथे एक शब्द समजून घेऊ, कारण पुढचा सगळा भाग त्याच्यावर उभा आहे. जे या धंद्यात आहेत त्यांना माहीतच असेल: लीड. खोदलेली माती किती लांब नेऊन टाकायची, ते अंतर. आणि किती उंच चढवायची, ती लिफ्ट. सरकारी दरसूचीत आजही लीड-लिफ्ट वेगळी धरतात. तीस-चाळीस मीटरच्या लीडला टोपलीसारखं स्वस्त काही नाही. बैलगाडी थोडी पुढे परवडते. पण शीवच्या खाजणातून भराव घालत जायचंय, खडी मैलोन् मैल न्यायचीय, तर टोपली संपते आणि चाक सुरू होतं. फॅविएलचं काम लांबट होतं, सलग होतं, बऱ्यापैकी सपाट होतं. जसजसा रूळ पुढे जाईल तसतसं इंजिनही त्याच्यावरून पुढे जाईल. यंत्राला याच्यापेक्षा चांगलं काम मिळत नाही.

हाच फॅविएल पुढे १८५५ च्या सुमाराला भोर घाटाचा ठेका घेतो. कर्जतच्या पुढे पळसदरीपासून खंडाळ्याकडे चढण. जानेवारी १८५६ मध्ये काम सुरू झालं. २५ बोगदे, अठराशे फुटांवर चढ, सगळा काळा कातळ. इथे इंजिन काय कामाचं? रूळ टाकायला जागा तर व्हायला हवी! घाट फोडला तो पहार, घण, सुरुंगाची दारू आणि टोपलीने. कड्यावर दोरखंडाने लटकून माणसं कातळात भोकं पाडत होती. १८६१ च्या सुरुवातीला तिथे एका वेळी ४२ हजारांहून जास्त माणसं कामावर होती. तेव्हाच्या कल्याणच्या लोकवस्तीपेक्षा घाटातली वस्ती मोठी असावी.

बरं, जगात तेव्हा यंत्रं नव्हती असं समजू नका. अमेरिकेत विल्यम ओटिसने वाफेवर चालणाऱ्या फावड्याचं पेटंट १८३९ मध्येच घेतलं होतं. म्हणजे आपल्या पोकलेनचं पणजोबाच. पण अमेरिकेत माणूस महाग होता, इथे माणूस स्वस्त होता. साहेबाने यंत्र आणलं नाही ते अडाणीपणामुळे नव्हे. त्याने हिशेब केला होता.

ढकलगाडीचा तो विनोद ऐकला असेल तुम्ही. इंग्रजांनी विलायतेहून ढकलगाड्या आणल्या, तर मजुरांनी म्हणे त्यात माती भरून गाडीच डोक्यावर घेतली. हा किस्सा प्रत्येक देशातल्या रेल्वेबद्दल सांगतात, म्हणून मला तो फारसा पटत नाही. पण त्यामागचं गणित खरं आहे. ढकलगाडीला फळ्यांचा सपाट रस्ता लागतो, चाक मोडलं तर सुतार लागतो, आणि ती ढकलतो एकच माणूस. टोपलीवर बायको, मुलगी, सासू सगळे कामाला लागतात आणि टोपली मोडली तर संध्याकाळी नवी विणतात. मजुरी मापावर मिळणार असेल, तर अख्ख्या कुटुंबाने वाहणंच फायद्याचं. वाईट वाटतं ऐकायला. होतंच ते वाईट. घाटात कॉलऱ्याने किती माणसं गेली, त्यावर वेगळा भाग करावा लागेल.

या कामांवर वडार मंडळी मोठ्या संख्येने होती. मातीवडार, गाडीवडार, पाथरवट. पुढे जवळजवळ सव्वाशे वर्षं आपल्याकडची प्रत्येक विहीर, पाझर तलाव, रस्ता यांच्याच हातचा. ते रोजावर यायला फारसे राजी नसत. मापावर काम घेत, मोजायला मधे मातीचा एक खांब तसाच सोडत आणि टोळीने काम संपवून पुढच्या गावी जात. मुख्य म्हणजे पहार त्यांची, टिकाव त्यांचा, गाढवंही त्यांचीच. म्हणजे अवजारांची मालकी ठेकेदाराकडे नव्हती, टोळीकडे होती. आज आपण ज्याला मशीन भाड्याने लावणं म्हणतो, ते हेच. फरक एवढाच की गाढव पावसाळ्यात चरून स्वतःचं पोट भरतं. जेसीबीचा हप्ता कुठे चरायला जात नाही.

आणि फॅविएल? तो भोर घाटात अडकला. का अडकला, ते नीट बघण्यासारखं आहे. डोंगर त्याला भारी पडला, हे अर्धंच उत्तर झालं. १८५९ च्या जानेवारीत घाटाखाली मजुरांचा मोठा दंगा झाला, एक गोरा माणूस मारला गेला. कारण मजुरी. मुख्य ठेकेदाराखाली उपठेकेदार, त्याच्याखाली मुकादम, त्याच्याखाली टोळी. पैसे वरून खाली झिरपेपर्यंत महिने जात होते, मधे गळतीही होत होती. सरकारने चौकशी लावली. त्याच वर्षी फॅविएलने ठेका सोडला. म्हणजे मुंबई-ठाणे वेळेत पुरी करणारा, मुंबईतलं पहिलं कामाचं इंजिन चालवणारा माणूस अडला कशावर? पगाराच्या दिवसावर.

तो काही संपला नाही हं. पुढे सिलोनला जाऊन कोलंबो-कँडी रेल्वे त्यानेच बांधली. इकडे भोर घाटाचं उरलेलं काम सॉलोमन ट्रेडवेलला मिळालं. तो आल्यावर काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. मग त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, ठेका स्वतःकडे घेतला, अ‍ॅडमसन आणि क्लाउझर हे दोन जाणते इंजिनियर नेमले आणि एप्रिल १८६३ मध्ये घाट खुला झाला. तिने सगळ्यात आधी केलं काय, तर काम कळणारी माणसं धरून ठेवली.

आता या गोष्टीतला एक देशी ठेकेदार. जमशेटजी दोराबजी, पारशी. जीआयपीच्या सुरुवातीच्या काळात, इंग्रज कंपन्यांच्या गर्दीत, त्यांनी एकामागून एक ठेके घेतले आणि पुरे केले. जीआयपीचे चीफ इंजिनियर जेम्स बर्कले यांनी त्यांच्या कामाची उघड तारीफ केली आहे. विलायतेची यंत्रं हे काही जमशेटजींचं भांडवल नव्हतं. माझा अंदाज असा की चुना कुठला चांगला, दगड कुठल्या खाणीचा, कुठल्या टोळीचा मुकादम शब्दाला पक्का, हे त्यांना साहेबांपेक्षा जास्त कळत होतं. ताळेबंदात ते कुठे दिसत नाही, पण पावसाळ्यातही ते घसरत नाही.

इथे एक गोष्ट मधेच सांगायला हवी, नाहीतर गणित एकतर्फी होईल. जीआयपी कंपनी एवढा मोठा डाव खेळली कशाच्या जिवावर? १८४९ च्या करारात ईस्ट इंडिया कंपनीने तिला भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. जमीन फुकट, ९९ वर्षांसाठी. नफा झाला नाही तरी भागधारकाला पाच टक्के मिळणारच, आणि ते भरणार इथल्या रयतेच्या महसुलातून. दादाभाई नौरोजींपासून पुढे अनेकांनी यावर टीका केली, आणि रास्त केली. पण ठेकेदाराच्या नजरेने बघा. ज्याच्या मागे हमी आहे, तो यंत्र घेऊ शकतो. चुकलं तर बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं.

हे संपलंय असं वाटतं का? बुलेट ट्रेनचा बीकेसी ते शिळफाटा असा २१ किलोमीटरचा बोगदा होतोय, त्यातला सात किलोमीटर ठाणे खाडीखालून. डोंबिवलीहून शिळफाटा किती लांब आहे? त्या बोगद्यासाठी येणारं टीबीएम यंत्र ठेकेदार सोनं गहाण ठेवून घेत नाही. यंत्राचा खर्च टेंडरच्या रकमेतच धरलेला असतो, आणि मोठ्या सरकारी कामांत मोबिलायझेशन अ‍ॅडव्हान्स मिळतो. छोट्या ठेकेदाराला मिळतं काय? आधी काम कर, मग बिल टाक, मग साहेब रजेवर.

पारसिकचं थोडक्यात सांगते आणि पुढे जाते. ठाण्याहून कल्याणला गाडी पोचली १ मे १८५४ ला. तेव्हा हा डोंगर आरपार फोडला नाही. रूळ खाडीच्या कडेने मुंब्र्यावरून वळवले आणि शंभर-सव्वाशे यार्डांचे दोन छोटे बोगदे काढले. पुढे स्लो लाइन तिथूनच जात होती. सरळ आरपार बोगदा, १.३ किलोमीटरचा, सुरू झाला १९१६ मध्ये. मधल्या साठ वर्षांत डायनामाइट आलं, हवेच्या दाबावर चालणारी ड्रिल आली. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाड्या वाढल्या. रोज इतक्या गाड्यांची काही मिनिटं वाचणार होती, म्हणून एवढ्या खर्चाचा बोगदा परवडला. १८५४ मध्ये तो पाडता आला असता तरी पाडायला नको होता, असं माझं मत. ज्यांची रोज पारसिकच्या बोगद्यात मोबाइलची रेंज जायची, त्यांना हे पटणार नाही.

आता खाडीवर येऊ, कारण मला सगळ्यात जास्त धडकी याच गोष्टीने भरली. मुंब्र्याचं रेतीबंदर, डोंबिवलीचं मोठागाव, कल्याणची खाडी. ही पिढ्यान् पिढ्या रेतीची ठिकाणं. जुनी पद्धत हातपाटी, म्हणजे डुबी. माणूस बादली घेऊन खाडीत बुडी मारतो, तळाची रेती भरतो, वर होडीत ओततात. श्वास रोखून. कानाचे पडदे जातात. मग सक्शन पंप आले. बार्जवर इंजिन बसवायचं आणि पाइप सोडायचा, शेकडो डुब्यांचं काम एका रात्रीत. ठाणे, कल्याण, नवी मुंबई बांधली जात होती, रेतीला सोन्याचा भाव. लोकांनी कर्ज काढून बार्ज घेतल्या, पंप घेतले. मग किनारे ढासळायला लागले, खारफुटी गेली, रेल्वेपुलांना धोका झाला. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने राज्यातल्या रेती उपशाला चाप लावला. पुढच्या धोरणांत खाडीत हातपाटीला वाट ठेवली, सक्शन पंपाला नाही. तेव्हापासून बातम्या तुम्हीही वाचल्या असतील: तहसीलदारांचं पथक गेलं, बार्ज कटरने कापली, पंप बुडवले. बंदी योग्यच होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बघा, माणसाची डुबी कायद्यात बसली आणि लाखोंचं यंत्र एका आदेशाने भंगार झालं. बँकेने काही हप्ता माफ केला नसणार.

असंच, पण सौम्य, जेसीबीच्या बाबतीतही होतंच. बांधकामाच्या चाकाच्या वाहनांना एप्रिल २०२१ पासून धुराचे नवे निकष लागू झाले, सीईव्ही स्टेज चार. जानेवारी २०२५ पासून स्टेज पाच. दर वेळी इंजिन बदलतं, किंमत वाढते. आणि गावच्या पोराला स्पॅनरने दुरुस्त करता येत होतं ते आता लॅपटॉप लावल्याशिवाय कळत नाही.

जेसीबी हे नावच किती गमतीचं आहे बघा. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाची आद्याक्षरं. पुढे बकेट, मागे खोदायचा हात, असं त्याच्या कंपनीचं यंत्र १९५३ मध्ये आलं. भारतात १९७९ मध्ये, एस्कॉर्ट्सबरोबर, हरियाणात बल्लभगडला. पुढे पुण्याजवळ तळेगावलाही कारखाना झाला. आता कुठल्याही कंपनीचं पिवळं मशीन म्हणजे जेसीबी. पोकलेन तसंच, पोक्लेन नावाच्या फ्रेंच कंपनीवरून. तिचं मशीन न बघितलेला माणूसही पोकलेन म्हणतो.

आपल्या पट्ट्यात ही यंत्रं खऱ्या अर्थाने भरली ती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत. कल्याण-शीळ रोडच्या दोन्ही बाजूंनी भातशेती होती, तिथे टाउनशिप उभ्या राहिल्या. सत्तावीस गावांत, दिव्याकडे, घोडबंदरला जमिनीचे पैसे आले, आणि अनेक घरांसमोर जेसीबी, डंपर उभे राहिले. काचेवर 'आई एकविरा प्रसन्न'. यात हुशारी होती. जमीन गेली तरी त्या जमिनीवरचं खोदाई-भरावाचं काम गावातल्या माणसालाच मिळालं पाहिजे, असा अलिखित नियम होता, आणि तो बिल्डर पाळत होते. म्हणजे त्यांनी मशीन घेतलं तेव्हा कामाची हमी आधी होती. पाच टक्क्यांची नाही, पण गावकीची. माझ्या भावाकडे ती नाही. तो डोंबिवलीत जन्मला असला, तरी त्याचं गाव कोकणात. आणि आता मशीनं इतकी झाली आहेत की जून लागला की रस्त्याच्या कडेला ताडपत्री घालून रांगा.

तर मी पुढच्या रविवारी पुन्हा त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, डायरी काढ. त्याची एक चांगली सवय आहे. भाड्याच्या मशीनचे तास तो रोज लिहितो, ऑपरेटरशी भांडण नको म्हणून. बारा महिन्यांची बेरीज केली. ६४० तास. तो देतो तो दर ताशी बाराशे, डिझेल आणि ऑपरेटर धरून. म्हणजे वर्षाला पावणेआठ लाखांच्या आत. "एवढे दुसऱ्याला देतोय ना मी!" हे त्याचं पहिलं वाक्य. मशीन विकणाऱ्याचंही हेच पहिलं वाक्य असतं.

मग दुसरी बाजू लिहिली. मशीन ३२ लाख धरू. पाच लाख मार्जिन, २७ लाख कर्ज, चार वर्षं, साडेदहा टक्के. हप्ता साधारण ६९ हजार. वर्षाचे ८ लाख ३० हजार. ऑपरेटर २५ हजार महिना, वर्षाचे तीन लाख, कारण चांगला ऑपरेटर पावसाळ्यात सोडला तर दसऱ्याला परत येत नाही. विमा, सर्व्हिसिंग, टायर, होज पाइप मिळून दीड लाख. झाले १२ लाख ८० हजार, मशीन जागेवर उभं असताना. डिझेलचे तासाला पाचेकशे काढले, तर बाराशेतले सातशे उरतात. १२ लाख ८० हजारांना सातशेने भागा. वर्षाला १,८३० तास.

पावसाचे चार महिने वजा केले तर कामाचे दिवस उरतात दोनशे. म्हणजे रोज नऊ तास, एकही दिवस न चुकता. त्याचे स्वतःचे तास ६४०. उरलेले जवळजवळ बाराशे तास त्याला दुसऱ्यांच्या साइटवर मशीन लावायला लागेल. तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मी ठेकेदारी सोडून मशीनचा धंदा करायचा?" मी काही बोलले नाही. मावशीने मात्र पहिल्यांदा मान वर केली.

भावाची बाजूही सांगायला हवी. तो म्हणाला, चार वर्षांनी कर्ज फिटलं की मशीन आपलं. निम्म्या किमतीत विकलं तरी पंधरा-सोळा लाख. खरं आहे. ते चार वर्षांत वाटून धरलं तर तेराशे तासांच्या आत गणित बसतं. आणि भाड्याचं मशीन नेमकं आपल्याला हवं तेव्हा दुसरीकडे असतं. मे महिन्यात नालेसफाई सुरू झाली की एकही मोकळं सापडत नाही, माणसं बसून राहतात, त्याचा खर्च डायरीत कुठेच लिहिलेला नाही. हेही खरं. पण ते पंधरा लाख चौथ्या वर्षी येणार, आणि हप्ता पाच तारखेला.

म्हणून मी शेवटची वही काढायला लावली, येणी बाकी. एका बिल्डरकडे चौदा महिन्यांपूर्वी संपवलेल्या कामाचे सव्वातीन लाख अडकलेले. एका सोसायटीकडे रिटेन्शन. काम झाल्यापासून हातात पैसे येईपर्यंत सरासरी काढली, साधारण साडेचार महिने. तिथे मला एकदम फॅविएल आठवला. मी त्याला ती सगळी गोष्ट सांगितली, कर्जतचा दंगा, मुकादम, थकलेली मजुरी. तो ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे त्या साहेबाचंही बिल अडकायचं?" म्हटलं, साहेबाचं कमी, त्याच्या खालच्यांचं जास्त. पण शेवटी ठेका साहेबाचाच गेला.

त्याने फायनान्सवाल्याला दिवाळीपर्यंत थांब सांगितलं. दसऱ्याला फोन आला. जेसीबी घेतला नव्हता. जुना, लिफ्टवाला मिक्सर घेतला होता, कारण तो त्याच्या प्रत्येक कामावर लागतो आणि टेम्पोत जातो. ओळखीच्या एका मशीनवाल्याशी बोलून, पाऊस संपल्यापासून महिन्याला ठरावीक तास आणि नालेसफाईच्या दिवसांत पहिला हक्क, असं ठरवून घेतलं होतं. त्यासाठी दर पन्नास रुपये जास्त. बांगड्या मावशीच्या हातात आहेत. ते सव्वातीन लाख मात्र अजून आलेले नाहीत. परवा पुन्हा गेला होता, तर ऑफिसात सांगितलं, पुढच्या आठवड्यात या.